घरून गेम सर्व्हर चालवायचाय? आधी राउटरचा पत्ता बघा

मल्टिप्लेअर गेमचा सर्व्हर घरच्या इंटरनेटवर कसा चालवायचा, याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. राउटरमध्ये जा, पोर्ट फॉरवर्ड करा, मित्रांना आयपी पाठवा, झालं. आपल्याकडे मात्र बऱ्याच घरांत हे 'झालं' होतच नाही. सगळ्या स्टेप्स जशाच्या तशा केल्या तरी बाहेरचा मित्र कनेक्ट होत नाही, आणि मग माणूस राउटरला नाहीतर गेमला शिव्या घालत बसतो. दोष बहुतेक वेळा दोघांचाही नसतो. त्या व्हिडिओंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तुमच्या घराला स्वतःचा पब्लिक आयपी आहे. आपल्याकडे अनेक ऑपरेटर तो बऱ्याच घरांना मिळून एकच देतात. तुमच्या घराचं काय आहे, हे पाच मिनिटांत कळतं, आणि पुढचा सगळा रस्ता त्यावरच ठरतो.

माझं घर वाळूजला, बजाजनगरमध्ये. नोकरीला मी पुण्यात. घरी एका जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू असतो. खेळणारे आम्ही सात-आठ जण: घरी धाकटा भाऊ, रांजणगावला मावसभाऊ (पुण्याजवळचं नव्हे, आपलं शेणपुंजी), बाकी कॉलेजचे मित्र, कुणी चाकणला, कुणी नाशिकला. मावसभावाची सेकंड शिफ्ट असली की तो रात्री साडेबाराला जेवून मोबाइल हातात घेतो. तेव्हा बाकी सगळे झोपलेले असतात. पण त्याला त्याच जगात त्याचा अर्धवट राहिलेला पूल बांधायचा असतो, आणि सकाळी आम्हाला तो पूल दिसायला हवा असतो. जग एखाद्याच्या फोनमध्ये असेल तर तो फोन बंद झाला की जगही बंद. सर्व्हर कशासाठी, याचं उत्तर एवढंच आहे. तुमचा ग्रुप नेहमी एकाच वेळी ऑनलाइन येत असेल तर खरं तर सर्व्हरची गरजच नाही. एकाने वर्ल्ड उघडायचं, बाकीच्यांनी फ्रेंड लिस्टमधून जॉईन व्हायचं.

कोणते गेम घरून चालतात

बीजीएमआय आणि फ्री फायर नाही. त्यात 'कस्टम रूम' असते, पण ती रूम कंपनीच्याच सर्व्हरवर उघडते. तुमच्या घरच्या नेटवर्कचा तिथे संबंध फक्त खेळाडू म्हणून.

ज्या गेमची कंपनी सर्व्हरचं सॉफ्टवेअर वेगळं देते, ते घरून चालतात. माइनक्राफ्ट, टेरारिया, व्हॅलहाइम, फॅक्टोरिओ, काउंटर-स्ट्राइक ही त्यातली ओळखीची नावं. मोबाइलवाल्यांसाठी यातला सगळ्यात कामाचा माइनक्राफ्ट, पण त्याच्या दोन आवृत्त्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. कॉम्प्युटरवरची जावा आवृत्ती वेगळी. फोनवर असते ती बेडरॉक. ग्रुपमध्ये सगळे फोनवाले असतील तर बेडरॉकचा डेडिकेटेड सर्व्हर टाका. तो फुकट मिळतो आणि विंडोज किंवा उबुंटूवर चालतो, फोनवर नाही. म्हणजे घरात एक जुना लॅपटॉप तरी हवाच. ग्रुप मिसळ असेल, दोघे लॅपटॉपवर आणि बाकी फोनवर, तर जावा सर्व्हरवर गायझर नावाचं प्लगइन टाकून फोनवाल्यांनाही आत घेता येतं.

एकाच घरात, एकाच वायफायवर खेळायचं असेल तर इंटरनेटचा प्रश्नच येत नाही. मिनी मिलिशिया आठवत असेल. एकाचा हॉटस्पॉट, बाकी सगळे त्याला जोडलेले, आणि नेट पॅक संपला तरी खेळ चालू. तेच तत्त्व. फक्त फोन एकमेकांना दिसत नसतील तर कुणी राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर आहे का ते बघा. गेस्ट नेटवर्कचं कामच मुळी घरातल्या यंत्रांपासून पाहुण्याला लांब ठेवणं असतं. काही राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' हा पर्याय चालू असतो, तोही हेच करतो.

खरी भानगड भिंतीबाहेर जायचं म्हटल्यावर सुरू होते.

गेटवरचा वॉचमन आणि त्याच्याही बाहेरचा वॉचमन

एमआयडीसीतली एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगाला तिचा प्लॉट नंबर माहीत असतो. आत चारशे माणसं असतील, पण कुरिअरवाला गेटपर्यंतच येतो. आतल्या कुणी मागवलेलं पार्सल असेल तर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, तो ते बरोबर त्या डिपार्टमेंटला पाठवतो. न मागवता आलेलं पार्सल तो परत लावतो.

तुमचा राउटर हा तो वॉचमन. तुम्ही यूट्यूब उघडता तेव्हा आतून मागणी गेलेली असते, म्हणून उत्तर आत येतं. पण तुमचा मित्र बाहेरून तुमच्या सर्व्हरला हाक मारतो तेव्हा ते न मागवलेलं पार्सल. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे रजिस्टरमध्ये आधीच लिहून ठेवणं, की अमुक नंबरचं पार्सल आलं तर विचारू नको, थेट त्या लॅपटॉपकडे पाठव.

आता अशी कल्पना करा की वीस कंपन्यांना मिळून बाहेर रस्त्यावर आणखी एक मोठं गेट आहे, बाहेरच्या जगाला फक्त त्या गेटचा पत्ता माहीत आहे, आणि तिथला वॉचमन तुमचा नोकर नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहा, पार्सल मुळात तुमच्या गेटपर्यंत येतच नाही. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरचं गेट ऑपरेटरच्या ताब्यात.

ऑपरेटर हे मुद्दाम त्रास द्यायला करत नाहीत. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आशियाचं वाटप पाहणाऱ्या एपनिक या संस्थेने त्याच वर्षी एप्रिलपासून रेशनिंग सुरू केलं: उरलेल्या साठ्यातून एका कंपनीला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ पासून ती मर्यादा ५१२ वर आली. आता एखाद्या नव्या केबलवाल्याने वाळूज, पंढरपूर, रांजणगाव मिळून चार हजार घरं जोडली तर तो ५१२ पत्ते चार हजार घरांत कसे वाटणार? दुसऱ्या कुणाकडून विकत घ्यायचे तर ते महाग. म्हणून वाटून वापरतो. एप्रिल २०१२ मध्ये या वापरासाठी पत्त्यांचा एक खास पट्टाच राखून ठेवला गेला: १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंत. हा पट्टा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पाच मिनिटांची तपासणी

फोन घरच्या वायफायवर ठेवा, मोबाइल डेटा बंद. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. लॉगिन करून 'स्टेटस'मध्ये 'वॅन' शोधा. तिथे जो आयपीव्ही४ पत्ता दिसेल तो लिहून घ्या. मग दुसऱ्या टॅबमध्ये गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. तिथे कधी कधी लांबलचक आयपीव्ही६ पत्ता दिसतो. आपल्याला तुलनेसाठी चार आकड्यांचा हवाय.

दोन्ही पत्ते तंतोतंत सारखे असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे. अभिनंदन, व्हिडिओवाल्या स्टेप्स तुमच्यासाठी आहेत.

राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होतोय आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे, तर सीजीनॅट. १० ने सुरू होत असेल तरी बहुतेक तेच, कारण काही ऑपरेटर तो खासगी पट्टा वापरतात.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर जरा थांबा. असं बरेचदा तेव्हा होतं जेव्हा ऑपरेटरने दिलेला ओएनटीचा डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यामागे तुम्ही विकत आणलेला दुसरा राउटर लावलेला असतो. म्हणजे घरातच दोन वॉचमन. मग ओएनटीमध्ये लॉगिन करून त्याचा वॅन पत्ता बघा आणि त्यावरून ठरवा. तो पब्लिक निघाला तर ऑपरेटरला सांगून ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकून घ्या. किंवा सोपं काम करा: तुमचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल आणि रजिस्टर एकाच वॉचमनकडे राहील.

पब्लिक आयपी असेल तर

आधी लॅपटॉपचा घरातला पत्ता कायम करा. राउटरच्या डीएचसीपी भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे लॅपटॉपला एक आकडा बांधून द्या. हे केलं नाही तर एखाद्या दिवशी लाइट जाऊन आल्यावर लॅपटॉपला दुसरा पत्ता मिळतो, आणि रजिस्टरमधली नोंद आईच्या फोनकडे बोट दाखवत बसते.

मग पोर्ट फॉरवर्ड. माइनक्राफ्ट बेडरॉकला १९१३२, प्रकार यूडीपी. जावाला २५५६५, प्रकार टीसीपी. हा प्रकार चुकीचा निवडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. आणखी एक फसवी गोष्ट: 'पोर्ट उघडं आहे का' हे सांगणाऱ्या वेबसाइट बहुतेक टीसीपीच तपासतात. बेडरॉकचं पोर्ट नीट उघडं असलं तरी त्या 'बंद' म्हणतील. त्यांच्यावर जाऊ नका, मित्रालाच कनेक्ट करून बघायला सांगा.

तपासताना स्वतः घरच्या वायफायवरून स्वतःचाच पब्लिक आयपी टाकू नका. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणं बऱ्याच राउटरना जमत नाही, त्यामुळे सगळं बरोबर असूनही एरर येतो. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, मग तपासा. विंडोज फायरवॉलने पहिल्यांदा परवानगी विचारली तेव्हा 'कॅन्सल' दाबलं गेलं असेल तर तेही आत जाऊन बदला.

पब्लिक आयपी अधूनमधून बदलतो. डकडीएनएससारखी फुकट सेवा वापरली तर मित्रांना आकड्यांऐवजी एक नाव देता येतं आणि आकडा बदलला तरी नाव तेच राहतं. आणि एक 'डीएमझेड' नावाचा पर्याय दिसेल, काही व्हिडिओंमध्ये तो शॉर्टकट म्हणून सांगतात. तो लावल्यावर येणारं प्रत्येक पार्सल न बघता त्या एका लॅपटॉपकडे जातं. एका पोर्टचं काम आहे, एकच पोर्ट उघडा.

सीजीनॅट असेल तर

इथे चार-पाच रस्ते आहेत. ओळखीच्या आठ-दहा जणांच्या ग्रुपसाठी माझी पसंती स्पष्ट आहे: टेलस्केल किंवा झिरोटियर.

दोन्हींची कल्पना अशी की सर्व्हरच्या लॅपटॉपवर आणि प्रत्येक मित्राच्या फोनवर एक ॲप टाकायचं. सगळी यंत्रं जणू एकाच घरातल्या वायफायवर आहेत असं त्यांना वाटतं. बाहेरच्या वॉचमनशी भांडायची गरज राहत नाही, कारण दोन्ही बाजू आतून बाहेर मागणी पाठवतात, मधला एक सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि त्यानंतर डेटा शक्यतो थेट एकमेकांकडे जातो. घरगुती वापरासाठी फुकटचा प्लॅन पुरतो. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही, आणि माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

टेलस्केल बसवल्यावर लॅपटॉपला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. घाबरू नका, तो पट्टा सीजीनॅटचाच आहे पण इथे त्याचा वापर वेगळा. हाच पत्ता मित्रांनी माइनक्राफ्टच्या 'ॲड सर्व्हर'मध्ये टाकायचा. मित्रांना तुमच्या पूर्ण नेटवर्कमध्ये सामील करण्याऐवजी फक्त तो एक लॅपटॉप 'शेअर' करा; मग त्यांना तुमची बाकीची यंत्रं दिसत नाहीत. गेमच्या यादीत सर्व्हर आपोआप दिसायला हवा असेल, जसा घरच्या वायफायवर दिसतो, तर झिरोटियर बरं, कारण ते घरच्या नेटवर्कसारख्या सगळ्यांना मारलेल्या हाकाही पोचवतं. टेलस्केलमध्ये पत्ता हाताने टाकावा लागतो.

अडचणीही आहेत. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे कुणी दुसरा व्हीपीएन वापरत असेल तर तो बंद करावा लागतो. आणि दोन्ही बाजूंची गेटं फारच कडक असतील तर थेट जोडणी होत नाही, डेटा मधल्या रिलेवरून फिरून जातो आणि पिंग वाढतो. टेलस्केलमध्ये एखाद्या मित्राची जोडणी 'डायरेक्ट' आहे की 'रिले', हे बघता येतं. एकालाच लॅग येतोय अशी तक्रार आली की मी पहिलं तेच बघतो.

दुसरा रस्ता स्टॅटिक आयपीचा. ऑपरेटरला पैसे देऊन स्वतःचा पब्लिक पत्ता घ्यायचा. दर ऑपरेटरगणिक बदलतो, वर १८ टक्के जीएसटी. विचारताना मात्र नेमकं विचारा. नुसतं 'स्टॅटिक आयपी' म्हटलं तर कधी कधी १० ने सुरू होणारा, कायमचा पण खासगी पत्ता गळ्यात पडतो. माझ्या एका मित्राला असाच मिळाला होता, वर्षभराचे पैसे भरल्यावर. फोनवर सरळ म्हणा, "दादा, पब्लिक आयपी पाहिजे, सीजीनॅटमधला नको." मिळाल्यावर वरची पाच मिनिटांची तपासणी पुन्हा करा आणि मगच पूर्ण वर्षाचं ठरवा.

तिसरा आयपीव्ही६. त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, त्यामुळे सीजीनॅटही नाही. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये ४जी सेवा सुरू केली तेव्हापासून त्यांच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ आहे, आणि आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत आज आघाडीवर आहे. तुमच्या आणि मित्रांच्या, दोन्ही बाजूंना ते असेल तर लॅपटॉपचा आयपीव्ही६ पत्ता थेट देता येतो. बेडरॉक त्यासाठी १९१३३ हे पोर्ट वापरतो. पण राउटरचा फायरवॉल बाहेरून येणारं सगळं मुळात अडवतो, आणि ऑपरेटरच्या डब्यात एकच पोर्ट उघडायची सोय असतेच असं नाही. मधल्या एकाही मित्राच्या वायफायवर आयपीव्ही६ नसेल तर तो बाहेर राहतो. म्हणून मी यावर ग्रुप उभा करत नाही, असलं तर बोनस.

प्लेइट डॉट जीजीसारख्या टनेल सेवा हा चौथा रस्ता. मित्रांना काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, फक्त पत्ता टाकायचा. पण सगळा डेटा त्यांच्या सर्व्हरवरून जातो, आणि तो सर्व्हर कुठे आहे यावर पिंग ठरतो.

पाचवा, घरचा नादच सोडून मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेणं. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ पासून आहे, इतरही अनेक कंपन्यांची तिथे यंत्रं आहेत. लाइट, उष्णता, सीजीनॅट, सगळ्यातून सुटका. ग्रुप वीस-पंचवीस जणांचा झाला तर मी हेच सांगेन. महिन्याचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. घरचा लॅपटॉप सरासरी २५ वॅट खातो असं धरलं तर दिवसरात्र चालवून महिन्याला १८ युनिट होतात. भाड्याशी तुलना करताना हा आकडाही धरा.

पिंग कुठे वाढतो

वाळूज ते मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ७०० किलोमीटरला साडेतीन मिलिसेकंद. म्हणजे अंतरामुळे लागणारा वेळ नगण्य आहे. बाकीचा वेळ मधली यंत्रं, वळसे आणि रांगा खातात. सिंगापूरचा रिले असेल तर मुंबईपासूनच जाऊन-येऊन जवळपास आठ हजार किलोमीटर, म्हणजे किमान चाळीसेक मिलिसेकंद. ते कुठल्याही सेटिंगने कमी होत नाहीत.

वळशाची एक गंमत. मी घरी, मावसभाऊ रांजणगावला, बाइकवर दहा-पंधरा मिनिटं. पण दोघांच्या कंपन्या वेगळ्या. त्या कंपन्या एकमेकींना गावात भेटत नाहीत, मोठ्या एक्सचेंजवर भेटतात, आणि आपल्या भागासाठी ते बहुधा मुंबई. म्हणजे त्याने रांजणगावात कुदळ मारली की बातमी मुंबईला जाऊन बजाजनगरला येते. ट्रेसरूट चालवून तुमच्याकडचा रस्ता बघा, मधल्या नावांत शहराची ओळख बरेचदा सापडते.

पण खेळताना अचानक सगळे अडकतात, ते यामुळे नसतं. ते घरातल्या रांगेमुळे असतं, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. गेमचा डेटा अगदी थोडा असतो. माइनक्राफ्टमध्ये एका खेळाडूमागे एक एमबीपीएस धरला तरी खूप झाला. मग १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर लॅग कसा? कारण संध्याकाळी लग्नाहून आलेल्या कुणाचा तरी फोन वायफायला जोडला जातो आणि चारशे फोटो, वीस व्हिडिओ आपोआप बॅकअपला जायला लागतात. अपलोडची लाइन पूर्ण भरते. राउटर जादा डेटा रांगेत साठवत जातो. त्या रांगेच्या शेवटी तुमचं गेमचं एवढंसं पॅकेट उभं असतं, पुढे बारा ट्रक. स्पीड टेस्ट केली तर स्पीड पूर्ण दिसतो, पण पिंग वीसवरून चारशेवर गेलेला असतो.

तपासायची पद्धत सोपी. लॅपटॉपवर पिंग चालू ठेवा, आणि त्याच वेळी एखाद्या फोनवरून मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. पिंग उसळला तर दुखणं हेच. राउटरमध्ये 'क्यूओएस' असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडून दिला की रांग ऑपरेटरच्या डब्यात साचत नाही, तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते, आणि तो गेमला पुढे काढू शकतो. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर असेल तर त्यातलं 'एसक्यूएम' हे काम फार चांगलं करतं. काहीच नसेल तर घरच्यांच्या फोनमध्ये फोटो बॅकअप रात्री उशिराचा लावून द्या. हे सांगताना "माझ्या गेमसाठी" असं म्हणू नका, "व्हिडिओ कॉल अडकणार नाही" म्हणा. तेही खरंच आहे.

सर्व्हरचा लॅपटॉप लॅन केबलनेच जोडा. वायफायवर ठेवलेला सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या लॅगची सोय. खेळणाऱ्या फोनना शक्यतो ५ गिगाहर्ट्झ द्या. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या रो-हाउसमध्ये त्यावर किती राउटर बसलेत ते वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये एकदा बघा.

आणि प्रत्येक लॅग नेटवर्कचा नसतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा जगाचा हिशोब करतो, एका हिशोबाला ५० मिलिसेकंद. लॅपटॉपला तेवढ्यात जमलं नाही तर जग हळू चालतं: फोडलेला दगड परत येतो, गाई जागच्या जागी थिजतात. जावा सर्व्हरच्या कन्सोलवर 'कान्ट कीप अप' असा मेसेज दिसला की राउटरला हात लावू नका. व्ह्यू डिस्टन्स १० वरून ७ किंवा ६ करा, आणि कुणी शेकडो कोंबड्यांचं फार्म बांधलंय का ते शोधा.

दार उघडलंय, हे विसरू नका

हा भाग टाळून पुढे जाऊ नका, कारण इथे प्रश्न गेमचा नाही. त्याच राउटरवर वडिलांचा यूपीआयचा फोन आहे आणि दारावरचा सीसीटीव्ही आहे.

२०१६ मध्ये मिराय नावाचा एक प्रोग्राम जगभर पसरला. तो काही हुशारी करत नव्हता. इंटरनेटवर उघडे सापडणारे कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कंपनीने दिलेले साठेक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा. लाखो यंत्रांवर ते लागले. मग ती सगळी यंत्रं मिळून एखाद्या सर्व्हरवर तुटून पडायची. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच हल्ल्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. तो लिहिणारी होती अमेरिकेतली तीन कॉलेजवयीन पोरं, आणि त्यामागे माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातली चढाओढ होती: दुसऱ्याचा सर्व्हर पाडायचा, गिऱ्हाईक पळवायचं, नाहीतर संरक्षणाचे पैसे मागायचे. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

तेव्हा राउटरचा आणि सीसीटीव्हीचा 'ॲडमिन-ॲडमिन' पासवर्ड आजच बदला, सर्व्हर चालवणार असाल किंवा नसाल. सीसीटीव्ही बसवून देणाऱ्याने मोबाइलवर दिसावं म्हणून एखादं पोर्ट उघडून ठेवलंय का, तेही पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत दिसेल. कुठल्या यंत्रात काही शिरलंय अशी शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर साफ करायची फुकट साधनं आहेत.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०२१ चं. जावाच्या लॉगफॉरजे या लायब्ररीत एक भोक सापडलं, आणि त्याचा बोभाटा सगळ्यात आधी माइनक्राफ्टवाल्यांत झाला. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की समोरच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. फक्त चॅटमध्ये! १.१८.१ या आवृत्तीत ते बुजवलं. कुणी 'जुनी व्हर्जन हलकी असते' म्हणून त्याआधीचा, न दुरुस्त केलेला सर्व्हर टाकायला सांगत असेल तर नको म्हणा.

सर्व्हरच्या लॅपटॉपवर घरातली कागदपत्रं, आधारचे स्कॅन, बँकेचं काही ठेवू नका. जावात व्हाइटलिस्ट, बेडरॉकमध्ये अलाउलिस्ट चालू करा, म्हणजे यादीतलीच नावं आत येतात. 'ऑनलाइन मोड' बंद करू नका. क्रॅक केलेला गेम वापरणाऱ्या एका मित्रासाठी तो बंद केला की कुणीही कुणाचंही नाव लावून आत येऊ शकतो, ॲडमिनचंसुद्धा. आणि सर्व्हर फेमस झाला म्हणून त्यावर पैसे लावून मॅच घेण्याचा मोह झाला तर थांबा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.

लाइट आणि ऊन

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे लाइट गेली तरी सर्व्हर चालू राहतो. राउटर आणि ओएनटी मात्र बंद पडतात. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो, तो घ्या. घेताना दोन्ही डब्यांच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, कारण दोन्ही सारखेच असतात असं नाही. त्यानंतरही नेट गेलं तर ऑपरेटरचा रस्त्यावरचा डबाच बंद आहे, तिथे आपला इलाज नाही.

कायम चार्जरला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगते, विशेषतः उन्हाळ्यात. सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर बांधा. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी सर्व्हर चालवूच नका. लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका, उभा ठेवून मागून हवा जाईल असं बघा. टचपॅड वर आलेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेना तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा आणि दुकानात न्या, ती टोचायची नाही.

वर्ल्डच्या फोल्डरची कॉपी आठवड्यातून एकदा दुसऱ्या जागी घ्या, आणि सर्व्हर बंद करूनच घ्या. चालू असताना घेतलेली कॉपी अर्धवट निघू शकते, आणि ते कळतं तेव्हा मूळ फाइल गेलेली असते. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी धाकटा भाऊ करतो, कारण तेव्हा सेकंड शिफ्टवाला झोपलेला असतो.